.४५ कोल्ट रिव्हॉल्व्हर : ओतीव शिशाच्या गोळीची साइज नक्की कशावरून ठरवायची?

ऑस्टिनचा_अण्णा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथे बागकामापासून घड्याळदुरुस्तीपर्यंत सगळ्यावर धागे निघतात, तेव्हा हाही चालून जाईल अशी आशा आहे.

टेक्सासात राहतो, नागरिकत्व मिळून बरीच वर्षं झाली. रेंजवर कागदावर नेम धरायचा छंद आहे, शिकार करत नाही. अलीकडे एक वापरलेलं सिंगल ॲक्शन (घोडा दर वेळी हाताने ओढायचं) रिव्हॉल्व्हर घेतलं, .४५ कोल्टचं. मेक सांगत नाही, नाहीतर धागा ब्रँडच्या भांडणात वाहून जाईल. काडतुसं घरीच भरतो, पण गोळ्या विकत आणतो: शिशाच्या, २५५ ग्रेन वजनाच्या, खोक्यावर .४५२ (इंचातला व्यास) आणि 'हार्ड कास्ट, ब्रिनेल १८' (म्हणजे कडक ओतीव; ब्रिनेल हे कडकपणाचं माप) असं छापलेलं.

अडचण अशी की थोड्या फैरी झाल्या की नळीत शिशाचे पट्टे दिसायला लागतात आणि २५ यार्डांवर नेम फुटतो. सुरुवातीला गोळ्या मुठीएवढ्या जागेत पडतात, खोकं संपेपर्यंत कागदभर. नळीतून मऊ शिशाचा तुकडा ठोकून मापली, नळीच्या आतल्या वळणदार खाचांपाशी .४५१५ आलं. म्हणजे .४५२ बरोबर बसायला हवी. रेंजवरचा एक जण म्हणतो .४५४ घे, दुसरा म्हणतो आणखी कडक, ब्रिनेल २२ ची घे. दोघंही माझ्याहून जुने नेमबाज. ऐकायचं कोणाचं?

---

रानवाटा_कोलोरॅडो

अण्णा, दोघांचंही आत्ताच नको. आधी सांगा, शिसं नळीत कुठे धरतंय? फोर्सिंग कोनच्या (नळीच्या मागच्या निमुळत्या भागाच्या) लगत पहिल्या इंचात, की पुढच्या तोंडाशी?

ढोबळ मानाने सांगायचं तर शिसं तोंडाकडे जमत असेल तर वंगण मध्येच संपतंय. सुरुवातीलाच जमत असेल तर गोळी नळीत शिरतानाच लहान आहे आणि बाजूने गरम गॅस निसटतोय. हा गॅस गोळीच्या कडा अक्षरशः कापत जातो आणि ते शिसं पुढे नळीला चिकटतं.

आणि नळी मापलीत ते चांगलं केलंत, पण रिव्हॉल्व्हरमध्ये गोळीला नळी भेटते ती नंतर. त्याआधी ती सिलिंडरच्या थ्रोटमधून (काडतुसाच्या घराच्या पुढच्या अरुंद भोकातून) जाते. ते मापलंत का?

---

ऑस्टिनचा_अण्णा

पहिल्या इंचातच, आणि पट्टे खाचांच्या कडेकडेने. थ्रोट मापले नाहीत. कॅलिपरचे आतले जबडे घालून पाहिलं होतं, दर वेळी वेगळा आकडा येतो म्हणून सोडून दिलं.

---

पिंपरीचा_फिटर

बंदुकीतलं मला काही कळत नाही, पण भोकं मापण्यात टूलरूममध्ये जन्म गेला, म्हणून तोंड घालतो. रानवाटांनी मला मागे एका धाग्यात सिलिंडरचा काटछेद काढून दाखवला होता, त्यावरून बोलतोय.

अण्णा, कॅलिपर ठेवून द्या. त्याच्या आतल्या जबड्यांना थोडी सपाट जाडी असते. लहान गोल भोकात ती सपाट बाजू वक्रावर टेकते आणि माप नेहमी कमीच दाखवते. तुम्हाला झगडा आहे अर्ध्या-एका थाऊचा (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, पंचवीस मायक्रॉन). तिथे कॅलिपर कामाचा नाही.

पिन गेज (ठरावीक व्यासाच्या पोलादी पिना) घ्या. अमेरिकेत सुट्या पिना स्वस्तात मिळतात. मायनस टॉलरन्सच्या (छापील मापाहून किंचित बारीक) .४४९, .४५०, .४५१, .४५२ अशा मागवा, अर्ध्या थाऊच्या मधल्या मिळाल्या तर उत्तम. सिलिंडर काढा, काडतूस कशात नाही हे दोनदा बघा, सहाही थ्रोट ब्रश मारून कोरडे करा. शिसं राहिलं तर तुम्ही शिसंच मापत बसाल. मग पुढच्या तोंडाकडून पिन नुसत्या बोटाने सरकवा. जोर लावायचा नाही. जी सगळ्यात मोठी पिन सहज जाते ते तुमचं माप. सहाही भोकं वेगवेगळी लिहून काढा, एक मापून बाकीची तशीच असतील असं धरू नका. त्या कारखान्यातही माणसंच कामाला असतात आणि रीमर (भोक मापात आणणारं हत्यार) तिथेही झिजतो.

आता यात अडचण काय असावी ते. सोऱ्यात पीठ कितीही दाबून भरा, शेव बाहेर येणार ती ताटलीच्या भोकाएवढीच. तुमचा थ्रोट म्हणजे ती ताटली. गोळी .४५२ असो की .४५४, थ्रोट .४५० असेल तर ती .४५० होऊनच नळीकडे जाणार. पुढे नळी .४५१५ ची, म्हणजे दीड थाऊ ढिली. मग गॅस निसटणार नाही तर काय.

---

रानवाटा_कोलोरॅडो

काका, दंडवत. अगदी हेच.

.४५ कोल्टमध्ये हा घोळ ऐतिहासिक आहे. हे काडतूस १८७३ च्या सिंगल ॲक्शन आर्मीबरोबरचं. तेव्हाच्या नळ्यांना खाचांपाशी .४५४ चा व्यास असायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर उत्पादकांनी नळी .४५१-.४५२ वर आणली, कारण .४५ एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसाच्या नळीचं माप तेच. थ्रोटच्या बाबतीत मात्र ज्याने त्याने आपापली वाट धरली. त्या काळातल्या काही सिलिंडरचे थ्रोट .४५६ पर्यंत सैल, काही नव्या सिंगल ॲक्शनचे .४४९-.४५० इतके घट्ट. '.४५४ घे' हा सल्ला जुन्या कोल्टवाल्यांच्या तोंडून आलेला असणार, त्यांच्या बंदुकीत तो चुकीचाही नव्हता.

तुमचे थ्रोट खरंच घट्ट असतील तर .४५४ ची गोळी घातलेलं काडतूस सिलिंडरमध्ये पूर्ण बसणारच नाही, गोळीचा पुढचा भाग थ्रोटवर अडेल. जोर लावून बसवलंत तर दाब उगाच वाढवून ठेवाल.

रिव्हॉल्व्हरची उतरंड अशी हवी: थ्रोट नळीच्या खाचांइतका किंवा अर्धा-एक थाऊ मोठा, आणि गोळी थ्रोटइतकी. गोळी पुढून थ्रोटमध्ये ठेवली की आपोआप खाली पडू नये, पेन्सिलीने हलकेच ढकलली की सरकावी. साइज ठरते ती इथे. खोक्यावरचा आकडा नंतर बघायचा.

---

ओहायोचा_ओतारी

वाखुसा (वाचनखूण साठवली). आता कडकपणाबद्दल मला बोलू द्या, कारण हा 'हार्ड कास्ट' प्रकार डोक्यात जातो.

विकणाऱ्याला कडक गोळी सोयीची असते. पोस्टात दबत नाही, यंत्रात भराभर चालते, आणि 'हार्ड' छापलं की गिऱ्हाईक खूश. पण गोळी कडक असली म्हणून नळीत शिसं धरत नाही हा गैरसमज आहे. गोळी नळीपेक्षा लहान असताना मऊ शिशाला निदान एक संधी असते: मागून दाब बसला की बूड फुगतं आणि नळी भरून काढतं. कडक गोळी फुगत नाही, बाजूने गॅस जाऊ देते.

एक जुना ठोकताळा आहे. ब्रिनेल आकड्याला १४२२ ने गुणा, साधारण तितक्या पीएसआय दाबाला ते मिश्रण फुगू लागतं. अण्णांची १८ ची गोळी म्हणजे साडेपंचवीस हजार. आणि .४५ कोल्टची सॅमीने (काडतुसांची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेने) ठरवलेली कमाल मर्यादाच १४,००० पीएसआय आहे! ती गोळी त्या दाबाला ढिम्म हलणार नाही. २२ ची घेतलीत तर आणखीच ढिम्म. १४,००० ला १४२२ ने भागलं की दहाच्या आत येतं, म्हणजे वीस भाग शिसं आणि एक भाग कथील या आपल्या जुन्या मिश्रणाच्या आसपास.

शुद्ध शिसं ब्रिनेल ५, लायमन नंबर २ (९० टक्के शिसं, ५ कथील, ५ अँटिमनी) १५ च्या आसपास, छापखान्यातला लायनोटाइप २२. मॅग्नम (जास्त दाबाच्या) काडतुसांना १५ शोभतो. साध्या .४५ कोल्टला त्याची गरज नाही.

---

खोडसाळ_पंत

ठोकताळा ठोकताळाच असतो हो ओतारीबुवा. माझ्याकडे एका .४४ मध्ये लायनोटाइपच्या गोळ्या चकाचक चालतात, शिशाचा कण नाही. ब्रिनेल २२, आणि दाब त्या सूत्राच्या कितीतरी खाली.

---

ओहायोचा_ओतारी

चालणारच, पंत, कारण तुमच्या गोळीचं माप थ्रोटशी जुळतंय! माप जुळलं की कडकपणाचा प्रश्न जवळजवळ मिटतो. मी तेच म्हणतोय, कडकपणा हे मापाला औषध नाही. माप बरोबर असेल तर १० ची चालते आणि २२ चीही चालते.

---

किल्लेदार

बंदुकांचा इतिहास हा आपला प्रांत, म्हणून थोडं अवांतर. थ्रोट नळीपेक्षा लहान असूनही चाललेलं उदाहरण आहे आणि ते आपल्याकडेच सगळ्यांनी बघितलेलं आहे: .४५५ वेबली. ब्रिटिश लष्कराने १८८७ मध्ये मार्क १ स्वीकारलं, मार्क ६ आलं १९१५ मध्ये. जुन्या फोटोंत गोऱ्या पोलीस अधिकाऱ्याच्या कमरेला तीच दिसते. तिचे थ्रोट बहुधा .४५० च्या आसपास आणि नळी .४५४-.४५५. काकांच्या हिशोबाने सगळंच उलटं.

तरी ती चालली, कारण गोळी मऊ शिशाची आणि बुडाला पोकळ. आत दाब भरला की बुडाची पातळ कड पसरून नळीच्या खाचांत बसायची. पुढे लोक त्याच वेबलीत भरीव बुडाची कडक गोळी भरायला लागले आणि 'वेबलीचा नेम वाईट' असं बोलू लागले. वेबलीवर हा अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत!

---

सनीवेलची_सुगरण

धागा नवऱ्याला वाचून दाखवला, आता तो पिना मागवतोय. धन्यवाद(!)

एक गंभीर सूचना. इथे बरेच जण एच-१बी वर आहेत. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असताना बंदूक किंवा काडतूस, दोन्ही बाळगायला संघराज्याच्या कायद्याने बंदी आहे. राज्याचा वैध शिकार परवाना असणं हा त्यातला एक अपवाद, पण तेवढ्यावर विसंबण्याआधी वकिलाला विचारा. मित्राने रेंजवर नेलं, चार फैरी झाडल्या, फोटो टाकला, इतकं ते साधं नाही. ग्रीन कार्ड आलं की गोष्ट वेगळी.

आणि कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. रेंजवर चालते, पण बंदिस्त रेंजवाले उघड्या शिशाला बऱ्याचदा नाही म्हणतात. आधी फोन करून जा.

---

नेमबाज_कोल्हापूर

भारतातल्या वाचकांसाठी: आपल्याकडे हे घरी करायचं नाही. शस्त्र कायदा १९५९ नुसार दारूगोळा तयार करायला वेगळा परवाना लागतो. गोळी ओतून काडतूस भरणं हा त्यातच मोडतो. आम्ही तयार काडतुसंच घेतो.

तरी धागा रोचक आहे, कारण आमच्या सेंटर फायर प्रकारात (७.६२ ते ९.६५ मिमी, २५ मीटर) .३२ एस अँड डब्ल्यू लाँगच्या वॉडकटर (सपाट तोंडाच्या) गोळ्या वापरतात आणि त्यातल्या पुष्कळ बुडाला पोकळच असतात. का ते किल्लेदारांमुळे आज नीट समजलं. राही सरनोबत ज्या प्रकारात जिंकते त्यातल्या .२२ ची गंमत आणखी वेगळी. तिथे गोळीचा बाहेरचा व्यास आणि पितळी नळीचा व्यास सारखाच, गोळीची बारीक केलेली टाच तेवढी आत.

---

डॉ_शलाका

गोळी ओतणाऱ्यांसाठी डॉक्टरकीचे चार शब्द. शिसं ३२७ अंशांना वितळतं आणि ओतायच्या तापमानाला त्याची वाफ फारशी होत नाही. खरा धोका धुळीचा. वर जमणारी राख, रेंजवर प्रायमरमधून (काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीतून) उडणारं शिसं आणि रिकामी पितळं साफ करताना यंत्रातून निघणारी धूळ हातावरून तोंडात जाते. लहान मुलांसाठी अमेरिकेच्या सीडीसीने रक्तातल्या शिशाची संदर्भ पातळी २०२१ मध्ये डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली आहे, म्हणजे मुळात फार थोडं शिसंही नको.

स्वयंपाकघरातलं भांडं नको, घरात ओतायचं नको, हात धुतल्याशिवाय बाळाला उचलायचं नाही. वर्षातून एकदा रक्त तपासा. आणि वितळलेल्या शिशाजवळ पाण्याचा थेंबही नको. त्याची क्षणात वाफ होते आणि शिसं अंगावर उडतं.

---

संपादक_मंडळ

धागा चालू ठेवत आहोत. दारूचं प्रमाण, 'किती भरावी' वगैरे आकडे इथे टाकू नयेत, त्यासाठी उत्पादकांची पुस्तकं आहेत. असे दोन प्रतिसाद काढले आहेत.

---

ऑस्टिनचा_अण्णा

योग्य केलंत.

पिना आल्या. काका, तुमच्या पद्धतीने केलं. .४५० ची पिन चार भोकांत बोटाने सरकते, उरलेल्या दोनांत तोंडाशीच अडते. तिथे .४४९५ जाते. .४५१ एकातही नाही. म्हणजे तुम्ही न बघता सांगितलंत तेच.

मग खोक्यातली एक गोळी घेऊन हलक्या हाताने थ्रोटमधून पार ढकलली आणि मायक्रोमीटर लावला. आत जाताना .४५२, बाहेर येताना .४५०. अंगावरच्या वंगणाच्या खाचेची धारही चेपलेली. हे डोळ्यांनी बघितल्यावर रेंजवरच्या दोघांशी वाद घालायची इच्छाच उरली नाही.

आता काय करू? .४५० ची गोळी घेऊ का, थ्रोटइतकी?

---

पिंपरीचा_फिटर

नाही. थ्रोटला जुळेल, पण नळीत ढिलीच राहील. मूळ दुखणं तेच आहे ना. भोकं मोठी करणं हाच सरळ इलाज. सहाही .४५२५ वर रीम करून घ्या. धातू काढता येतो, परत भरता येत नाही, म्हणून हे ड्रिल आणि एमरी पेपरने घरी करायचं काम नाही. पायलट (पुढे वाट धरून ठेवणारी गोल दांडी) असलेला रीमर हवा, तो भोकाच्या मधोमध चालला पाहिजे, आणि सहाही भोकं एकाच रीमरने एकाच बैठकीत झाली पाहिजेत.

---

रानवाटा_कोलोरॅडो

+१. हे काम करणारे गनस्मिथ आहेत आणि ते महागही नाही. अमेरिकेत कायद्याच्या दृष्टीने बंदूक म्हणजे फ्रेम, सिलिंडर हा सुटा भाग. त्यामुळे एकटं सिलिंडर साध्या पार्सलने पाठवता येतं, अख्खं रिव्हॉल्व्हर पाठवायची यातायात नाही. पाठवताना चिठ्ठीत नळीचं माप लिहा.

त्या मापाबद्दल एक शंका. शिशाचा तुकडा तोंडाकडून घालून फ्रेमकडून पूर्ण बाहेर काढलात का? मग तुम्हाला नळीतल्या सगळ्यात अरुंद जागेचंच माप मिळालं. नळी फ्रेममध्ये आटे घालून घट्ट बसवतात तिथे बऱ्याच वेळा ती किंचित आवळलेली असते. नवा तुकडा तोंडाकडून अर्ध्यापर्यंत ढकला आणि तोंडाकडूनच परत काढा, तो मापा. मग दुसरा तुकडा पूर्ण पार करा. आट्यांपाशी हाताला एकदम घट्ट लागतं का ते बघा. दोन्ही मापं एकच आली तर निश्चिंत. पार केलेला लहान आला तर थ्रोट सुधारूनही थोडं शिसं धरेल, आणि तो गनस्मिथला वेगळा सांगायचा मुद्दा.

---

ऑस्टिनचा_अण्णा

पूर्णच बाहेर काढला होता. आज परत केलं. अर्ध्यातून काढलेला .४५१५, पार केलेलाही तेवढाच. मधे कुठे घट्ट लागलं नाही. सिलिंडर या आठवड्यात पाठवतो.

तोवर ओतारीबुवांची मऊ गोळी वापरून बघू का? आणि पुढे स्वतः ओतायची झाली तर साचा कितीचा?

---

ओहायोचा_ओतारी

सिलिंडरच पाठवताय तर तोवर वापरणार कशात, मालक? :) परत आल्यावर बघा.

साचा .४५३-.४५४ टाकणारा घ्या आणि .४५२ च्या डायमधून (गोळी दाबून मापात आणणाऱ्या कड्यातून) काढा. एक-दोन थाऊ दाबलं तर गोळीला काही होत नाही. साच्यावरचा आकडा विशिष्ट मिश्रणासाठी असतो. शुद्ध शिसं गार होताना जास्त आकसतं, अँटिमनी असलं की गोळी थोडी मोठी पडते. त्यामुळे मिश्रण बदललं की मापून बघायचं. डायवरच्या आकड्यावरही विश्वास नको, तिच्यातून निघालेली गोळी मापा. पावडर कोटिंग करणार असाल तर व्यासात एक-दोन थाऊ वाढतात, म्हणून साइझिंग कोटिंगनंतर.

चाकांची जुनी वजनं वितळवणार असाल तर अलीकडे त्यात जस्ताची मिसळलेली असतात. जस्त ४१९ अंशांना वितळतं. भांड्याचं तापमान त्याच्या खाली ठेवलं तर जस्त न वितळता वर तरंगतं आणि चमच्याने काढता येतं. एकदा का मिसळलं की ते सगळं भांडं गळाच्या वजनांच्या कामाचं.

आणि हे कोणीच सांगत नाही: बरोबर साइजची गोळी काडतुसात बसवतानाच लहान होऊ शकते. पितळाचं तोंड रुंदावणारा प्लग जॅकेटेड (तांब्याचं आवरण असलेल्या) गोळीसाठी केलेला असेल तर तोंड घट्ट राहतं आणि मऊ शिशाचं बूड दाबलं जातं. कार्बाइड रिंग असलेली क्रिम्प डाय (पितळाचं तोंड गोळीवर आवळणारी) तर वरूनही आवळते. एक काडतूस भरा, हातोडी पुलरने (आपटून गोळी सोडवणाऱ्या हत्याराने) गोळी परत काढा आणि बुडाशी मापा. .४५२ आत घातली आणि .४५०५ बाहेर आली तर थ्रोट रीम करूनही पहिले पाढे पंचावन्न.

---

संत्रानगरी_डॅलस

बढिया धागा भाऊ. माझ्याकडे .३५७ मॅग्नम आहे, रेंजवर .३८ स्पेशल चालवतो. सगळे म्हणतात डोळे मिटून .३५८ घे. पिना माझ्यासाठीही मागवू का?

---

रानवाटा_कोलोरॅडो

मागवा. .३५८ बहुतेकांना जुळते म्हणून तसं म्हणतात, पण थ्रोट .३५७ च निघाला तर तुमच्याकडेही अण्णांसारखीच गोष्ट.

नळी मापताना खाचा मोजा. स्मिथ अँड वेसन असेल तर पाच असतील. मग साध्या मायक्रोमीटरने जमणार नाही, कारण एका खाचेच्या समोर दुसरी खाच येतच नाही, उंचवटा येतो. त्याला व्ही ॲन्व्हिलचा (व्ही अक्षरासारख्या बैठकीचा) मायक्रोमीटर लागतो.

---

पिंपरीचा_फिटर

तो विकत घेऊ नका, एकदाच लागणार. जवळच्या मशीन शॉपमध्ये शिशाचा तुकडा घेऊन जा आणि पाच फ्लूटचा टॅप (आटे पाडायचं पाच खाचांचं हत्यार) मापायचा मायक्रोमीटर आहे का विचारा. असला तर दोन मिनिटांत मापून देतील.